पावसाच्या भांड्याची कुळकथा

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस मोजायचं भांडं आहे. कोठारापुढे हातभर रुंद तोंडाचं कुंड ठेवायचं आणि त्यात साठलेलं पाणी द्रोण या मापात सांगायचं. कोणत्या मुलखात किती पाऊस पडतो तेही तिथे दिलं आहे: गोदाकाठच्या अश्मकाला साडेतेरा द्रोण, अवंतीला तेवीस. कुठे कोणतं बी पेरायचं ते सरकारी शेतीच्या अधिकाऱ्याने, सीताध्यक्षाने, यावरून ठरवायचं. अपरांताची, म्हणजे आपल्या कोकणपट्टीची पाळी येते तेव्हा मात्र आकडाच दिलेला नाही. तिथला पाऊस अमाप म्हणून सोडून दिला आहे. उल्हास नदीचं खोरं याच अपरांतात येतं. कर्जत, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातल्या पावसाच्या नोंदी म्हणजे ती मोकळी जागा भरण्याचीच खटपट आहे, असं मला वाटतं.

एकट्या भांड्याचा उपयोग थोडा. गावोगावी एकाच मापाची भांडी हवीत आणि ती एकाच वेळी बघायला हवीत. कोरियात राजा सेजोंगच्या काळात, 1441-42 च्या सुमारास, ठरावीक मापाची भांडी ठिकठिकाणी पाठवली गेली, हे मोठं पाऊल होतं. आपल्याकडे कुलाब्याची वेधशाळा 1826 ची. देशभरचं हवामान खातं निघालं ते 1875 साली. त्याआधी 1864 मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळाने उद्ध्वस्त केलं होतं आणि पाठोपाठ पावसाने दगा दिल्याने दुष्काळ पडले होते. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. शेतसारा आणि पीकपाणी महसूल खात्याच्या हातात, म्हणून पर्जन्यमापक तालुक्याच्या कचेरीच्या आवारात जाऊन बसला. पावसाचा आकडा तहसीलदाराकडून ऐकायची सवय आपल्याला तेव्हापासूनची आहे.

कचेरीतलं ते यंत्र सायमन्स नावाच्या इंग्रजाच्या नावाने ओळखलं जाई. 127 मिलिमीटर व्यासाचं नरसाळं, त्याला पितळी काठ, खाली बाटली. काठ जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर, आणि आसपास झाड किंवा भिंत नको. बाटलीतलं पाणी अरुंद मोजपात्रात ओतलं की एक मिलिमीटर पाऊसही चांगला उंच दिसतो, म्हणून दशांशापर्यंत वाचता येतो. पूर्वी हाच पाऊस इंच आणि सेंटमध्ये, म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागात, लिहीत. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी, हे एकदा डोक्यात बसलं की वर्तमानपत्रातल्या आकड्याला वजन येतं.

वाचनाची वेळ सकाळी साडेआठ. त्या क्षणापर्यंतच्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेला लिहिला जातो. त्यामुळे लोक ज्याला 26 जुलै 2005 चा पाऊस म्हणतात, तो खात्याच्या वहीत 27 जुलैला आहे. सांताक्रूझला 944 मिलिमीटर. त्याच चोवीस तासांत, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात 73. दोन्ही आकडे खरे. पण या दोन भांड्यांच्या मधल्या माणसाला आपल्या डोक्यावर किती पडला हे कोण सांगणार? मधे भांडी वाढवायला हवीत हे त्या दिवसाने सगळ्यांना पटवलं. त्यानंतर मुंबईत स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, आणि पुढे राज्यात महसूल मंडळनिहाय हवामान केंद्रं उभी राहिली. आज एखाद्या मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि नुकसानीचे पंचनामे त्या आकड्यावर उभे राहतात.

उल्हासनगरची गोष्ट आणखी वेगळी. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर निर्वासितांना मिळाली. 8 ऑगस्ट 1949 रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिला नदीचं नाव मिळालं. छावणीचे भाग मात्र अजून कॅम्पच आहेत. कॅम्प एक शहाड स्टेशनच्या अंगाला. जिथे वर्षाकाठी दोनशे मिलिमीटर पाऊसही मोठा वाटतो, त्या सिंधमधून ही माणसं आली आणि बरॅकीत राहू लागली. इथे तेवढा पाऊस जुलैच्या एका दिवसात पडू शकतो. त्या पहिल्या पावसाळ्यांत त्यांनी काय काय सोसलं असेल, याचा विचार आपण फारसा केलेला नाही.

या गावाजवळ पाणी दोन चालींनी येतं. वालधुनी आखूड नदी. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराला खेटून ती उल्हासनगरात शिरते, आणि जवळपास जोराचा पाऊस झाला की लगेच भरते. उल्हास मात्र घाटातून येते. राजमाचीच्या डोंगरांतून निघून, माथेरानच्या उतारांचं पाणी घेऊन ती कर्जत, बदलापूरवरून खाली उतरते. बदलापूरच्या खाली बारवी तिला मिळते, आणि बारवी धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडतात. म्हणजे शहाडला ऊन पडलेलं असतानाही नदी चढत असू शकते. इथे गच्चीवरचं भांडं पुरत नाही. घाटातलं भांडं आणि बदलापूरच्या नदीची पातळी दोन्ही लागतात. ती पातळी 16.50 मीटरला इशाऱ्याची, 17.50 ला धोक्याची.

27 जुलै 2019 ला याचा प्रत्यय आला. कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे उल्हासच्या पुरात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी रात्रीपासून डब्यात, खाली सगळीकडे पाणी. रबरी बोटींनी त्यांना बाहेर काढलं, सगळे सुखरूप निघाले.

पाऊस आणि नदी एकाच जागेवरून बघण्याचं उदाहरण आइसलंडमध्ये आहे. तिथे एका व्यापाऱ्याने 1845 पासून स्टिक्किसहोल्मुर गावात हवामानाच्या नोंदी ठेवल्या. तिथलं हवामान खातं 1920 चं, आणि 2009 मध्ये नद्या मोजणारं खातं त्यात विलीन झालं. आता पाऊस, नदी, भूकंप, ज्वालामुखी, हिमस्खलन यांच्यावर एकच कचेरी नजर ठेवते. आपल्याकडे पाऊस हवामान खातं आणि महसूल खातं मोजतं, नदी जलसंपदा विभाग बघतो, बारवी एमआयडीसीकडे, आणि लोकांना सांगायचं काम जिल्हा प्रशासनाचं नि पालिकांचं. ज्याचं त्याचं काम नेमून दिलेलं असलं तरी रात्री दोन वाजता ही साखळी किती लवकर हलते यावर नदीकाठच्या म्हारळ, कांबा, रायता या गावांतल्या घरांतल्या धान्याचं नि माणसांचं काय होणार ते ठरतं. बदलापूरची पातळी कॅम्प एकच्या चौकात तासातासाला, मराठीत आणि सिंधीत, लावली जायला हवी. त्यासाठी लागणारा आकडा घेतला जातोच आहे.