बिनोदिनी दासी : पाटीवर न आलेलं नाव

आज एका बातमीपासून सुरुवात करतो. 30 डिसेंबर 2024 रोजी पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांनी घोषणा केली की कोलकात्याच्या हातीबागानमधल्या स्टार थिएटरचं नाव यापुढे 'बिनोदिनी थिएटर' असेल. आपल्याकडे ही बातमी फारशी कुणी वाचली नसेल. पण तिच्यामागे एकशे चाळीस वर्षांची थकबाकी आहे. ती कुणी कुणाला द्यायची होती आणि आता फिटली का, एवढंच आज बघायचं आहे.

थोडं मागे जाऊ. 7 डिसेंबर 1872 रोजी कोलकात्यात नॅशनल थिएटरनं दीनबंधू मित्रांचं 'नीलदर्पण' तिकीट लावून केलं. बंगाली धंदेवाईक रंगभूमीची सुरुवात तिथून मानतात. स्त्रियांची कामं अर्थातच पुरुष करत होते. पुढच्याच वर्षी बेंगॉल थिएटर निघालं, तेव्हा मायकेल मधुसूदन दत्तांनी आग्रह धरला की स्त्रियांची कामं स्त्रियांनीच करावीत. त्या काळात स्टेजवर यायला तयार होणाऱ्या स्त्रिया एकाच वस्तीतून येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या थिएटरच्या सल्लागारांत ईश्वरचंद्र विद्यासागर होते. ते बाजूला झाले. विधवाविवाहासाठी ज्यांनी आयुष्य वेचलं, त्यांनासुद्धा हे पटलं नाही. मी हे विद्यासागरांना नावं ठेवायला सांगत नाहीये. त्या काळातल्या भल्या माणसाची मजल कुठवर जात होती, एवढंच लक्षात यावं म्हणून सांगतोय. रूसोनं 1758 साली जिनिव्हात नाटकशाळा नको म्हणून लांबलचक पत्र लिहिलं, त्यातही नट्यांच्या चारित्र्याचा मुद्दा होताच.

बिनोदिनीचा जन्म 1863 च्या आसपासचा. कॉर्नवॉलिस स्ट्रीटवरचं घर, आई, आजी आणि गरिबी. धाकट्या भावाचं लहानपणीच लग्न लावलं, कारण सुनेच्या अंगावरच्या दागिन्यांवर घर काही दिवस चालणार होतं. तो भाऊही लवकर गेला. तिचं स्वतःचं लग्न पाच-सहा वर्षांची असताना झालं आणि नवरा पुढे तिच्या आयुष्यात आलाच नाही. त्यांच्या घरी गंगाबाई नावाची एक गायिका भाड्यानं राहायची. तिच्याकडे बिनोदिनी गाणं शिकली आणि तिच्याच ओळखीतून 1874 च्या अखेरीस ग्रेट नॅशनल थिएटरमध्ये गेली. वय अकरा-बारा, पगार महिना दहा रुपये. पहिलं काम द्रौपदीच्या सखीचं, दोन-चार वाक्यांचं.

पुढच्या वर्षी कंपनी उत्तर हिंदुस्थानच्या दौऱ्यावर गेली. लखनौला 'नीलदर्पण' चालू होतं. निळीच्या मळ्याचा गोरा साहेब रयतेतल्या बाईवर हात टाकतो आणि तोराप त्याला बडवतो, असा त्यात प्रवेश आहे. त्या प्रवेशाला प्रेक्षकांतले गोरे उठले आणि काही जण तलवारी उपसून थेट स्टेजवर चढले. खेळ बंद करावा लागला, मंडळी जीव मुठीत धरून निघाली. त्यांत ही बारा वर्षांची पोर होती. नाटक हा नुसता करमणुकीचा धंदा नाही, हे तिला इतक्या लवकर कळलं. 1876 साली सरकारनं नाट्यप्रयोगांवर नियंत्रणाचा कायदाच केला.

नंतर ती गिरीशचंद्र घोषांच्या हाताखाली आली. गिरीशबाबू नट, नाटककार आणि मास्तर. ते तिला घोकंपट्टी करू देत नसत. भूमिका कोण आहे, तिच्या मनात काय चाललंय, यावर तासन्‌तास बोलत. इंग्लंडच्या मिसेस सिडन्स आणि एलन टेरी यांच्या गोष्टी सांगत. शहरात इंग्रजी कंपनीचा खेळ असला की ती तोही बघून यायची. शाळेचं तोंड फारसं न बघितलेल्या या मुलीनं 'मेघनादवध'च्या नाट्यरूपात सात वेगवेगळ्या भूमिका केल्या. आपली रंगभूषा आणि पोशाख ती स्वतः ठरवायची.

आता त्या थकबाकीकडे येऊ. नॅशनल थिएटरचे मालक प्रतापचंद जहुरी. रजेच्या काळातल्या पगारावरून त्यांच्याशी वाद झाला आणि गिरीशबाबूंच्या मंडळींनी स्वतःचं थिएटर काढायचं ठरवलं. पैसा कुणाकडेच नव्हता. गुरमुख राय मुसद्दी नावाचा तरुण मारवाडी व्यापारी पैसे घालायला तयार झाला. त्याची अट एकच होती: बिनोदिनीनं त्याच्या आश्रयाला यावं. तेव्हा ती दुसऱ्या एका श्रीमंत तरुणाच्या आश्रयाला होती. हे कळल्यावर तो तलवार घेऊन तिच्या अंगावर धावून आला, असं तिनंच लिहून ठेवलंय. सहकाऱ्यांनी तिची मनधरणी केली. त्यात गुरमुखनं आणखी एक गोष्ट पुढे ठेवली: थिएटरचा नाद सोड, तुला पन्नास हजार रुपये देतो. 1883 सालचे पन्नास हजार! तिनं नाही म्हटलं. मला थिएटर हवं, म्हणाली.

आणि तिला वचन मिळालं. थिएटरला तुझं नाव देऊ, म्हणजे तू गेल्यावरही नाव राहील. 'बी थिएटर' असं नाव ठरलं. 68, बीडन स्ट्रीटला बांधकाम सुरू झालं. ही तिथे जाऊन मजुरांबरोबर मातीच्या टोपल्या वाहायची. मग नोंदणीचा दिवस आला. दासूबाबू आणि मंडळी परत आली. हिनं उत्सुकतेनं विचारलं, काय नाव दिलंत? ते म्हणाले, 'स्टार'. ती लिहिते, क्षणभर तिला बोलताच येईना. कारण उघड होतं. गणिकेचं नाव पाटीवर असलेल्या नाटकशाळेत भली माणसं येणार नाहीत, असा हिशेब झाला होता. पुढे तर तिला पगारी नटी म्हणूनसुद्धा घेऊ नये असे प्रयत्न झाले आणि काही काळ ती घरी बसून होती.

21 जुलै 1883 रोजी 'दक्षयज्ञ' नाटकानं स्टार उघडलं. सतीचं काम बिनोदिनीचं होतं. थोड्याच काळात गुरमुख घरच्या दबावामुळे बाहेर पडला. जाताना त्याला थिएटरमधला हिस्सा बिनोदिनीला द्यायचा होता. गिरीशबाबूंनी तिच्या आईची समजूत घातली, की या भानगडीत तुम्ही पडू नका. अकरा हजार रुपयांत थिएटर चौघा पुरुषांच्या नावावर झालं.

पुढच्या वर्षी 'चैतन्यलीला' आलं. चैतन्य महाप्रभूंचं काम एक बाई करणार होती, तीही अशा वस्तीतली. प्रयोगाच्या दिवशी पहाटे ती गंगेवर स्नानाला गेली आणि परत येऊन एकशे आठ वेळा दुर्गेचं नाव लिहिलं. प्रयोगात लोक हरिनामाचा गजर करत रडत. 21 सप्टेंबर 1884 रोजी रामकृष्ण परमहंस ते नाटक बघायला आले. खरं आणि सोंग एकच दिसलं, असं ते म्हणाले. त्यांनी तिला आशीर्वाद दिला. दिदरो म्हणतो की थोर नट आतून थंड असतो. या बाईकडे बघून ते पटत नाही. पण हिचंच दुसरं टोकही बघा. एकाच रात्री ती आधी चैतन्य व्हायची आणि मग 'विवाह विभ्राट' या प्रहसनात नखरेल मॅडम विलासिनी कारफॉर्मा व्हायची. म्हणजे दिदरोही अगदीच चुकला नव्हता.

माझा मुद्दा इथे आहे. जे प्रेक्षक तिच्यातल्या चैतन्यापुढे हात जोडत होते, त्यांनाच तिचं नाव पाटीवर चालणार नाही, असं गृहीत धरलं होतं. भूमिका पवित्र आणि ती करणारी बाई मात्र अस्पर्श. 1887 च्या सुरुवातीला, जेमतेम चोविसाव्या वर्षी, तिनं रंगभूमी सोडली ती कायमची. एका सज्जन गृहस्थांच्या आधारानं ती पुढे संसारासारखा संसार करून राहिली. शकुंतला नावाची मुलगी झाली. आईच्या पूर्वायुष्यामुळे त्या मुलीला शाळेत प्रवेश मिळाला नाही. 1904 साली मुलगी गेली.

आपण मराठी माणसांनी यावर फार चुकचुकू नये. आपल्याकडे तोवर पुरुषच साडी नेसत होते. 1933 साली 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक उभ्या राहिल्या, तो दिवस आपण मैलाचा दगड म्हणून सांगतो. पण त्याआधी नाटकं लिहिणाऱ्या, नायकिणीच्या घरात जन्मलेल्या हिराबाई पेडणेकर किती जणांना आठवतात?

1912 साली बिनोदिनीनं 'आमार कथा' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. प्रस्तावना मागितली ती गुरूकडे, गिरीशबाबूंकडे. त्यांनी लिहून दिली, तिचं कौतुकही केलं. तिला ती आवडली नाही. पुष्कळ खऱ्या गोष्टी गाळल्यात, असं तिचं म्हणणं. गिरीशबाबूंचं उत्तर असं की सत्य अप्रिय असेल तर ते नेहमीच सांगावं असं नाही. अप्रिय सत्य बोलू नये, हे सुभाषित आपण सगळ्यांनीच लहानपणी पाठ केलंय. मी कित्येक वर्षं नीतिशास्त्र शिकवलं, पण अप्रिय म्हणजे कुणाला अप्रिय, हा प्रश्न त्या सुभाषिताला विचारायचा असतो, ते मला या बाईनं शिकवलं. नवी प्रस्तावना लिहून देतो असं गिरीशबाबूंनी कबूल केलं आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत ते गेले. दुसरं वचनही राहिलं. पहिली आवृत्ती त्या प्रस्तावनेशिवायच निघाली. पुढच्या आवृत्तीत मात्र तिनं ती जुनीच प्रस्तावना छापली. न आवडलेली का होईना, गुरूची होती.

1941 साली ती वारली.

तर, थकबाकी फिटली का? बीडन स्ट्रीटचं ते मूळ थिएटर आज नाही. ते विकलं गेलं, पुढे रस्त्यासाठी पाडलं गेलं. हातीबागानचं स्टार 1888 साली उघडलं, म्हणजे तिनं रंगभूमी सोडल्यानंतर. 1991 च्या आगीनंतर तेही पुन्हा उभारलेलं आहे. ज्या वास्तूवर आता तिचं नाव आहे, तिथे तिनं एकही भूमिका केलेली नाही. ज्या इमारतीसाठी तिनं माती वाहिली, ती राहिली नाही.

तरीही मला ही पाटी महत्त्वाची वाटते. मेलेल्या माणसाला दिलेलं वचन पाळता येत नाही. ते मोडलं होतं, एवढं कबूल करता येतं. पण ती कबुली पुरी हवी. पाटी लावायची आणि 'स्टार' हे नाव मुळात का पडलं ते सांगायचं नाही, असं झालं तर ती गिरीशबाबूंचीच प्रस्तावना झाली, गोड आणि अर्धी. बिनोदिनीनं कौतुक मागितलं नव्हतं. झालं ते सगळं लिहा, एवढंच तिचं मागणं होतं.

थांबतो. कुणाचे प्रश्न असतील तर घेऊया.