वीज, मेंदू आणि शब्दांची आठवण

लोणावळा-वळवणच्या तलावांचे पाणी खोपोलीस उतरले आणि १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना त्याची वीज मिळू लागली. पुढे मुळशीच्या धरणात जमिनी जाणार असे दिसताच सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला. तंटा विजेशी नव्हता. ज्याचे जाते त्याला कोणी विचारले, हा होता. मेंदूवरील विजेच्या प्रयोगांचा इतिहासही आम्ही याच प्रश्नाने वाचतो.

१८७४ साली अमेरिकेत सिनसिनाटी येथे डॉ. बार्थोलो यांनी मेरी रॅफर्टी या मोलकरणीच्या मेंदूत विजेच्या सुया घातल्या. कर्करोगाने तिची कवटी झिजून मेंदू उघडा पडला होता. प्रवाह वाढवताच तिला झटके आले. काही दिवसांत ती वारली. तिची संमती होती, असे डॉक्टरांनी लिहिले. ती मंदबुद्धी होती, असेही त्यांनीच लिहिले! कागदावर अंगठा उमटला म्हणजे संमती झाली असे नव्हे, हे आम्ही संघटनेच्या कामात पुष्कळ पाहिले आहे.

पुढे मॉन्ट्रियलचे डॉ. पेनफिल्ड अपस्माराची शस्त्रक्रिया करताना जाग्या रोग्याच्या मेंदूस सौम्य प्रवाह लावून वाणीची जागा शोधीत, म्हणजे ती वाचवता यावी. एका रोग्यास फुलपाखराचे चित्र दिसे, पण शब्द सुचेना. प्रवाह थांबताच सुचला. त्यांचेच शिष्य डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ साली वेल्लोरला मेंदू-शस्त्रक्रियेचा विभाग उभारला.

१९५७ साली बागची आणि वेंगर हे संशोधक अमेरिकेहून आले आणि आमच्या लोणावळ्याच्या कैवल्यधामातही त्यांनी योगाभ्यासकांच्या शरीरव्यापारांची यंत्राने नोंद केली. पण नोंद घेणे निराळे, प्रवाह सोडणे निराळे.

शब्द आठवण्यास वीज साह्य करील काय? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्मृतीच्या खोल केंद्रास प्रवाह दिला, तेव्हा आठवण उलट घटली. २०१८ साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी, अपस्मारासाठी मेंदूत आधीच तारा बसविलेल्या २५ रोग्यांना शब्दांच्या याद्या दिल्या. शब्द निसटणार असे गणकयंत्राने ओळखले, की त्याच क्षणी कानशिलाकडील भागास प्रवाह मिळे. आठवलेले शब्द सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. अर्थात जागा आणि वेळ साधली तरच लाभ.

पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा होता; हेतू जखमी सैनिकांच्या उपचाराचा. हेतू चांगलाच आहे. परंतु उद्या असे यंत्र कारखान्याच्या दारात आले, तर ते कोणाच्या लाभासाठी, हे कामगाराने विचारलेच पाहिजे. विज्ञानाशी आमचे वैर नाही. पाणी वळविण्याआधी गावाला आणि प्रवाह सोडण्याआधी माणसाला, त्याला समजेल अशा भाषेत विचारा, एवढीच आमची मागणी आहे.