खोकेभर कार्डांतले संगीत

‘ध्वनी’ हे प्रकरण शिकवताना नादकाटा वाजवून दाखवता येतो. पण एकाच उंचीचा स्वर बासरीवर वेगळा आणि पेटीवर वेगळा का वाटतो, हे दाखवायला शाळेत काही नसते, अशी शिक्षकांची तक्रार असते. साधन आहे आणि ते फुकट मिळते. ‘सीसाउंड’ नावाची ती संगणक आज्ञावली आहे. तिची वंशावळ पाहू लागलो की आपण 1957 सालात जाऊन पोचतो.

त्या वर्षी न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज हा अभियंता काम करीत होता. टेलिफोनवरचे बोलणे आकड्यांच्या रूपात संगणकात घालायचे आणि पुन्हा बाहेर काढून ऐकायचे, अशी यंत्रणा त्याने संशोधनासाठी उभी केली होती. बोलणे आकड्यांत मावते, तर संगीत का मावू नये? मॅथ्यूज स्वतः व्हायोलिन वाजवीत असे, आणि त्याचे वरिष्ठ जॉन पिअर्स यांनाही संगीताची ओढ होती. मॅथ्यूजने ‘म्युझिक’ ही आज्ञावली लिहिली. तिच्यावर न्यूमन गटमन या सहकाऱ्याने पहिली रचना केली, ती अवघी 17 सेकंदांची! आयबीएम 704 हा संगणक न्यूयॉर्कमध्ये होता. तिथे आकडे चुंबकीय फितीवर उतरवायचे आणि फीत मरे हिलला आणून ऐकायची. ऐकायला ती रचना रूक्षच आहे, हे कबूल केले पाहिजे.

यामागची युक्ती वर्गात समजावता येईल इतकी सोपी आहे. सीडीवर एका सेकंदाच्या ध्वनीसाठी (एका बाजूच्या) 44,100 आकडे लागतात. प्रत्येक आकडा नव्याने मोजत बसण्याऐवजी तरंगाचे एकच आवर्तन, समजा 512 घरांच्या तक्त्यात, एकदा भरून ठेवायचे. मग 440 हर्ट्झचा स्वर हवा असेल तर दर वेळी सुमारे 5.1 घरे पुढे उडी मारत तक्ता पुन:पुन्हा वाचायचा. उडी दुप्पट केली की तोच स्वर वरच्या सप्तकात! तक्त्यातला तरंगाचा आकार बदला, उंची तीच राहते पण स्वरगुण बदलतो. पेटी आणि बासरीच्या कोड्याचा मोठा भाग इथेच उलगडतो. 1960 च्या सुमारास मॅथ्यूजने अशा क्रियांचे सुटे घटक केले. ते हवे तसे जोडून ज्याने त्याने आपले वाद्य बनवावे.

ही आज्ञावली त्याने मागणाऱ्यांना देऊन टाकली. जॉन चाउनिंग हा स्टॅनफर्डमधील संगीताचा विद्यार्थी. मॅथ्यूजचा लेख वाचून तो 1964 मध्ये मरे हिलला गेला आणि भोके पाडलेल्या कार्डांचे एक खोके घेऊन परतला. 1967 मध्ये त्याला, एका तरंगाने दुसऱ्याची वारंवारता झपाट्याने हलवली तर थोडक्या गणितात भरघोस स्वर मिळतात, असे आढळले. स्टॅनफर्डने ही पद्धत यामाहा कंपनीला परवान्याने दिली. 1983 चे डीएक्स7 हे वाद्य तिच्यावर चालते. विद्यापीठाला त्यातून भरपूर पैसा मिळाला. यात मला काही गैर वाटत नाही. फक्त, सुरुवात फुकट मिळालेल्या खोक्यापासून झाली एवढे लक्षात असावे.

अर्थात, तेव्हा आज्ञावली फुकट असली तरी संगणक कुठे होता? तो बड्या संस्थांकडेच. आज्ञावलीला वेगळी किंमत लावण्याची पद्धत आयबीएमने 1969 मध्ये जाहीर केली, तोवर ती बहुधा यंत्राबरोबरच येई. यंत्र बदलले की ती नव्याने लिहावी लागे. म्हणून 1968 च्या सुमारास मॅथ्यूजने ‘म्युझिक 5’ बहुतांशी फोर्ट्रान भाषेत लिहिली. ती कोणत्याही मोठ्या संगणकावर चालवणे सोपे झाले. माझ्या मते दान करण्याइतकेच हे महत्त्वाचे होते. पुढे एमआयटीत बॅरी व्हर्को यांनी त्याच परंपरेतली आज्ञावली 1986 मध्ये ‘सी’ भाषेत आणली, हेच सीसाउंड. 1996 मध्ये मिलर पकेट यांनी ‘प्युअर डेटा’ दिली. तिच्यात घटक पडद्यावर चौकटींच्या रूपात दिसतात आणि रेघांनी जोडता येतात.

एकदा आमच्या प्रयोगशाळेत विकत घेतलेल्या एका ध्वनिविश्लेषण आज्ञावलीचा परवाना संपला आणि आमचीच चार वर्षांची मोजमापे उघडेनात. तेव्हा मला झां-क्लोद रिसे या फ्रेंच शास्त्रज्ञ-संगीतकाराची आठवण झाली. 1969 मध्ये त्याने ‘म्युझिक 5’साठी स्वरांच्या पाककृतींची एक सूचीच केली होती. तीत घंटेचा स्वर आहे. त्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्णांकी पटीत नाहीत आणि वरचे उपस्वर लवकर विरतात. त्या कृती पुढे सीसाउंडमध्ये उतरवल्या गेल्या आहेत. घंटेची कृती वर्गात चालवून पाहा. मग सगळे उपस्वर पूर्णांकी पटीत आणून तीच पुन्हा वाजवा, आणि घंटा कुठे गेली ते मुलांना विचारा.