उष्टावण आणि सहावा महिना

बाळाचा पहिला घास म्हणजे उष्टावण. मामाची मांडी, चांदीची वाटी, तांदळाची खीर. जुन्या गृह्यसूत्रांत याचं नाव अन्नप्राशन आणि वेळ सहावा महिना. पुढे रीत पडली: मुलाचं सहाव्या-आठव्या महिन्यात, मुलीचं पाचव्या-सातव्या. भूक मात्र मुलगा-मुलगी बघत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, अंगणवाडी आली. तेव्हा चार ते सहा महिन्यांत वरचं खाणं सुरू करा, असा सल्ला असे. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं: सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध, मग त्याच्या जोडीला अन्न, मुलाला आणि मुलीला सारखंच.

सहा महिन्यांनंतर नुसतं दूध पुरत नाही. मामाला सवड नाही म्हणून समारंभ लांबला तरी घास लांबवू नका. उष्टावण झाल्यावर नुसत्या डाळीच्या पाण्यावरही ठेवू नका. नाचणीचं सत्त्व, तूप घातलेला मऊ वरणभात द्या. चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट. आठव्या-नवव्या महिन्यात पिकलं केळं, मऊ शिजलेलं गाजर हातात द्या, बाळाजवळ बसून. मध वर्षाच्या आत नको. आणि कळंब्याच्या अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्या.