सवत ते 'दुसरी स्त्री' : स्मिता पाटील यांच्या तीन चित्रपटांच्या अनुषंगाने

विवाहबाह्य संबंधातील स्त्रीसाठी मराठीत तटस्थ शब्द नाही. 'अंगवस्त्र', 'ठेवलेली बाई' ही नामे पुरुषाच्या मालकीतून घडली आहेत. 'सवत' हा शब्द मात्र निराळा आहे. तो एका स्त्रीचे दुसऱ्या स्त्रीशी असलेले नाते सांगतो आणि कितीही कडवट असला तरी तिला घरात स्थान देतो. मुंबई प्रांताच्या १९४६ च्या द्विभार्याप्रतिबंधक कायद्याने या स्थानाला धक्का दिला. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात असल्याने हा कायदा त्या मुलखाला लागू नव्हता. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने हा प्रादेशिक भेद संपवला. पहिल्या पत्नीला मिळालेले हे संरक्षण आवश्यकच होते. परंतु त्याबरोबरच सवतीची 'दुसरी स्त्री' झाली. घरातील दुय्यम स्थानही तिच्यासाठी उरले नाही. तिच्याविषयी सहानुभूती बाळगणारा चित्रपट या पोकळीत उभा आहे.

श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' (१९७७) हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' (१९७०) या आत्मकथनावर आधारलेला आहे. त्यातील उषा विनायक काळे यांच्या वाड्यात राहू लागते, ती स्वेच्छेने. तेथे अंथरुणाला खिळलेली पत्नी आहे, सासू आहे, मूल आहे. उषा या साऱ्यांची मने जिंकते. पण मुलाला जत्रेला नेण्याची मुभा तिला मिळत नाही. अखेर सुटकेसाठी तिला सोडून आलेल्या नवऱ्यालाच बोलवावे लागते. येथे सवतमत्सराचे रूढ आशयसूत्र बाजूला पडते. रुग्ण पत्नी आणि उषा या परस्परांच्या वैरिणी नसून एकाच बंदिवासाच्या साक्षीदार ठरतात.

१९८२ मध्ये याच अभिनेत्रीने या नात्याच्या दोन्ही बाजू साकारल्या. जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'तील सुलभा महाजन ही पत्नी आहे. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरील ही पटकथा विजय तेंडुलकरांची. सुलभाच्या अनुपस्थितीत पतीने दुसरा संबंध जोडला आहे. सुलभा घर सोडते. त्या दुसऱ्या स्त्रीला मात्र संहितेत स्वतंत्र व्यक्तित्व लाभत नाही. पत्नीची जाणीव जेथे सर्वाधिक प्रखर होते, तेथेच दुसरी स्त्री निव्वळ कथानकाचे निमित्त बनते.

महेश भट यांच्या 'अर्थ'मधील कविता ही उणीव भरून काढते, पण तिची किंमत मोजून. कविता मनोरुग्ण आहे. तिची असुरक्षितता, अपराधभाव आणि आक्रस्ताळेपणा यांना आजाराचे स्पष्टीकरण मिळते आणि प्रेक्षकाला तिचा निवाडा करण्याचे टाळता येते. उषाची इच्छा शुद्धीवरची होती. कवितेची इच्छा वैद्यकाच्या स्वाधीन केली जाते. सहानुभूतीचे रूपांतर येथे कणवेत होते, आणि कणव ही समतेची भावना नव्हे.

तरीही 'अर्थ'चा शेवट या मर्यादेच्या पलीकडे जातो. कविता इंदरला सोडते. पुढे तो परत येतो तेव्हा पूजाही त्याला नाकारते. आपण असेच वागलो असतो तर आपल्याला स्वीकारले असते का, या तिच्या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे नकार देतो. दोन स्त्रियांचे हे दोन नकार परस्परपूरक आहेत. 'सवत' या शब्दात स्त्रियांमधील जे नाते वैराच्या रूपाने जतन झाले होते, ते येथे वैराविना पुन्हा प्रकट होते. म्हणूनच अशा चित्रपटांचे मूल्यमापन करताना दुसऱ्या स्त्रीविषयी किती करुणा दाखवली, यापेक्षा पहिलीशी बोलण्याचा अवकाश तिला मिळाला की नाही, हा निकष अधिक फलदायी ठरतो.