पापडखार आणि क्षार : एका परिभाषेची कथा

हळदीचा डाग साबणाने तांबडा होतो व लिंबू पिळताच पुनः पिवळा होतो, ही गोष्ट गृहिणींना पूर्वापार ठाऊक आहे. रसायनशास्त्रात ज्यास दर्शक म्हणतात, तो पदार्थ शाळेच्या कितीतरी आधी स्वयंपाकघरात होता. युरोपातही याहून निराळे घडले नाही. रॉबर्ट बॉइल याने १६६४ मध्ये रंगांविषयीच्या आपल्या ग्रंथात ज्याचे प्रयोग वर्णिले, तो व्हायोलेट फुलांचा साधा पाकच होता.

मुलांपुढे हे प्रयोग करताना अडचण येते ती शब्दांची. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेस १९१७ मध्ये स्थापन झालेल्या भाषांतर विभागाने उस्मानिया विद्यापीठासाठी उर्दू परिभाषा घडविली. तीत ॲसिडास ‘तुर्शा’ म्हणत. मूळ फारसी ‘तुर्श’, म्हणजे आंबट. पुढे मराठी पुस्तकांतून ‘आम्ल’ आले, तेही ‘आंबट’ याच शब्दाचे सगोत्र. येथपर्यंत मुलाला काहीच अडत नाही.

‘क्षार’ या शब्दाची गोष्ट मात्र वेगळी आहे. सुश्रुतसंहितेत वनस्पती जाळून, त्यांची राख पाण्यात कालवून व गाळून क्षार सिद्ध करण्याचा विधी सांगितला आहे. तेथे क्षार म्हणजे दाहक अल्कच होय. अरबी ‘अल्‌-कली’चा मूळ अर्थही वनस्पतीची राख असाच आहे. संस्कृत ‘क्षार’पासून प्राकृतद्वारा ‘खार’ झाला आणि ‘पापडखार’ या शब्दात तो जुना अर्थ टिकून राहिला. पाठ्यपुस्तकांनी मात्र आम्ल व आम्लारी यांच्या संयोगाने होणाऱ्या पदार्थास, म्हणजे मिठाच्या वर्गास, ‘क्षार’ हे नाव दिले. ही निवड फारशी विचारपूर्वक झाली असे मला वाटत नाही.

कळंब तालुक्यातील एका शाळेत हळदीचे पाणी लावून वाळविलेल्या कागदाच्या पट्ट्यांवर आम्ही चुन्याची निवळी, लिंबाचा रस, मिठाचे पाणी व पापडखाराचे पाणी टाकून दाखविले. मिठाने रंग बदलला नाही. पापडखाराने पट्टी तांबडी झाली. तेव्हा सातवीतील एका मुलीने विचारले, “सर, मीठ क्षार आहे आणि पापडखारही खारच, मग एकानंच रंग का बदलला?”

प्रश्न शब्दाचा होता, तसाच रसायनाचाही होता. पापडखारातील सोडियम कार्बोनेट हा पुस्तकी अर्थानेही क्षारच. परंतु सौम्य आम्ल व तीव्र आम्लारी यांपासून झालेला असल्यामुळे त्याचे पाणी अल्कधर्मी होते. मिठाचे तसे होत नाही, कारण त्याची दोन्ही घटकद्रव्ये तीव्र असतात. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे फळ्यावर मांडून दाखविले. मुलीचे पुरते समाधान झालेले दिसले नाही. दुसऱ्या दिवशी तिने चुलीतील राख कागदाच्या पुडीत बांधून आणली आणि हळदीची पट्टी मागितली.