एका घरट्याचा पत्ता : रानपिंगळा हरवला कसा, सापडला कसा आणि आता लपवायचा का?

१/ बुलढाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यात, डोंगररांगेच्या पायथ्याशी रोहिणखेड नावाचे गाव आहे. १४३७ मध्ये खानदेशच्या नसीर खान फारुकीचा बहमनी सरदार खलफ हसनने पराभव केला, तो येथे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या गादीचा निकाल लागला, तोही येथेच. दोन्ही लढाया याच गावी का झाल्या? नकाशा उघडला की उत्तर मिळते. खानदेशातून दख्खनच्या पठारावर चढणारी एक जुनी वाट येथूनच जाते.

२/ म्हणूनच इतिहासाचा विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतो तो 'कुठे?' हा. स्थळ ठाऊक नसेल तर घटना अधांतरी राहते. आजचा धागा मात्र अशा एका पक्ष्याचा आहे, ज्याला एका खोट्या पत्त्याने कित्येक दशके हरवून ठेवले, एका खऱ्या पत्त्याने परत मिळवून दिले आणि ज्याच्या घरट्याचा पत्ता आज जाहीर न करणेच शहाणपणाचे ठरते. हा पक्षी म्हणजे रानपिंगळा.

३/ रानपिंगळा म्हणजे वीतभर उंचीचे छोटे घुबड. गावाकडच्या नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात; रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे दिसते. तो दिवसाही शिकार करतो आणि हिवाळ्यातल्या थंड सकाळी उंच झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो. राहतो सागाच्या विरळ, कोरड्या जंगलात आणि घरटे करतो झाडाच्या ढोलीत.

४/ १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात या पक्ष्याचा पहिला नमुना मिळवला. १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि ब्लेविटचे नाव त्या पक्ष्याला दिले. होय, हा तोच ह्यूम. १८८५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या काँग्रेसच्या संस्थापकांत ज्याचे नाव आपण शाळेत पाठ केले, तो.

५/ ह्यूमने देशभरातल्या इंग्रज अधिकाऱ्यांचे जाळे उभे केले होते. त्यांची टिपणे एकत्र करून त्याने १८७३ ते १८७५ या काळात भारतीय पक्ष्यांची घरटी व अंडी यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. घरटे कोठे होते, कोणत्या झाडावर, किती उंचीवर, कोणत्या महिन्यात, अंडी किती, हे सारे त्यात नोंदलेले आहे. अंडी गोळा करणे हे त्या काळी शास्त्रही होते आणि छंदही. घरट्याचा ठावठिकाणा लपवावा, हा विचार कुणाच्या मनाला शिवण्याचे कारणच नव्हते. जंगल अक्षय आहे, असे गृहीत धरलेले होते.

६/ याच काळात जेम्स डेव्हिडसन हा मुलकी अधिकारी खानदेशात नेमणुकीवर होता. शहादा-तळोदा परिसरात त्याला रानपिंगळे मिळाले. प्रत्येक नमुन्याच्या पायाला चिठ्ठी बांधली गेली. तिच्यावर तारीख, ठिकाण आणि गोळा करणाऱ्याचे नाव. १८८४ नंतर मात्र खरा म्हणावा असा एकही नवा नमुना मिळाला नाही. साऱ्या जगात मिळून अवघे सात पक्षी, तेही पेंढा भरलेले, संग्रहालयांच्या कपाटांत पडून होते.

७/ आणि मग खोटा पत्ता आला. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हा ब्रिटिश सैन्याधिकारी आणि नामांकित पक्षिसंग्राहक. त्याच्या संग्रहातील एका रानपिंगळ्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेतील, तापीकाठचे मांडवी हे ठिकाण होते. नोंद सर्वांत अलीकडची, म्हणून सर्वांत मोलाची मानली गेली. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या दिग्गजांनीही या पक्ष्याचा शोध घेतला. तो मिळाला नाही. रानपिंगळा बहुधा नामशेष झाला, असे मानले जाऊ लागले.

८/ १९९० च्या दशकात अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी हा नमुना बारकाईने तपासला. इतिहासकार दस्तऐवजाचा कागद, शाई आणि हस्ताक्षर तपासतो, तशीच ही परीक्षा होती. क्ष-किरणांखाली आतली रचना पाहिली, कातडे भरण्याची पद्धत ताडून पाहिली. प्रत्येक संग्राहकाचा हात वेगळा असतो. या नमुन्यावरचा मूळ हात डेव्हिडसनचा होता! माइनर्ट्झहागेनने लंडनच्या संग्रहालयातून डेव्हिडसनचा पक्षी चोरला होता, त्याची डागडुजी केली होती आणि त्याला नवे गाव, नवे साल चिकटवले होते.

९/ मांडवी गळाली आणि उरले जुने, खरे पत्ते. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी गेले. तेथे काही मिळाले नाही. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, शहाद्याजवळच्या जंगलात, एका झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. जिवंत. शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर ११३ वर्षांनी.

१०/ येथे क्षणभर थांबावे. पक्षी कोठे गेलाच नव्हता. परतला तो आपल्या ज्ञानात. त्याला परत आणले ते डेव्हिडसनच्या प्रामाणिक चिठ्ठीने. पुढे मुंबईच्या बीएनएचएसच्या अभ्यासकांनी सातपुड्यात वर्षानुवर्षे काम केले. तोरणमाळ, यावल, मेळघाट येथून नोंदी आल्या. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही तो आढळला. २०१८ मध्ये आययूसीएनने त्याला 'अतिसंकटग्रस्त' गटातून 'संकटग्रस्त' गटात आणले. संकट टळलेले नाही, थोडे सैल झाले आहे.

११/ रोहिणखेडहून उत्तरेकडे पाहिले की पूर्णेचे सपाट खोरे आणि त्यापलीकडे सातपुडा. बुलढाणा जिल्ह्याच्या त्या टोकाला अंबाबरवा अभयारण्य आहे. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग आहे. म्हणजे आमच्या जिल्ह्याची सीमा रानपिंगळ्याच्या मुलखाला भिडलेली आहे. मग साहजिकच विचारले जाते, "घरटे नेमके कुठे आहे?" या प्रश्नापाशी इतिहासाची सवय आणि पक्ष्याचे हित यांची टक्कर होते.

१२/ कारण धोका बदलला आहे. अंडी चोरणाऱ्याची जागा आता मोबाइल आणि कॅमेरा घेऊ पाहतात. विणीच्या काळात रानपिंगळा ध्वनिमुद्रित आवाजाला चटकन प्रतिसाद देतो. त्याला वाटते, आपल्या हद्दीत दुसरा पिंगळा घुसला. एका छायाचित्रासाठी पुन्हा पुन्हा आवाज वाजवला की शिकार आणि पिले सोडून तो त्या नसलेल्या शत्रूमागे धावत राहतो. ठिकाण एकदा जाहीर झाले की असे येणारे एकटेदुकटे राहत नाहीत.

१३/ हा पेच आपल्याकडचाच नाही. ऑस्प्रे हा मासेखाऊ शिकारी पक्षी ब्रिटनमधून शिकार आणि अंडीचोरीमुळे विणीसाठी नाहीसा झाला होता. १९५४ मध्ये तो स्कॉटलंडच्या लॉक गार्टन सरोवरापाशी परतला. जागा गुप्त ठेवून पहारा बसवण्यात आला. तरीही १९५८ मध्ये चोराने रात्री झाडावर चढून अंडी पळवली आणि त्यांच्या जागी बुटाचे पॉलिश फासलेली कोंबडीची अंडी ठेवली!

१४/ मग जॉर्ज वॉटरस्टन यांनी उलटा डाव टाकला. १९५९ मध्ये त्यांनी तेच घरटे लोकांना दाखवायचे ठरवले. अंतर राखून, दुर्बिणीतून, चोख पहाऱ्यात. त्या हंगामात सुमारे १४,००० लोक येऊन गेले आणि तीन पिले उडाली. इतर घरट्यांची ठिकाणे मात्र पुढेही गुप्तच राखली गेली. म्हणजे गुप्तता हे व्रत नव्हे, साधन आहे. राखणदार असेल तर दार उघडता येते. नसेल तर ते लोटलेले बरे.

१५/ आता माझी चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका नाल्याच्या दरडीत मला शृंगी घुबडाचे घरटे दिसले. इतिहासाच्या सवयीने मी छायाचित्राखाली गाव, नाला, दिशा, सारे लिहिले. पंधरा दिवसांनी गेलो तर दरडीपर्यंत नवी पायवाट पडली होती आणि घरटे रिकामे होते. दोष माझाच, असे कोणत्याही न्यायालयात सिद्ध होणार नाही. पण ती पायवाट माझ्या पोस्टनंतरच पडली होती.

१६/ तेव्हापासून मी स्वतःशी एक भेद पक्का केला आहे. पत्ता राखून ठेवणे वेगळे आणि खोटा पत्ता देणे वेगळे. माइनर्ट्झहागेनने नोंद दूषित केली आणि शोधणाऱ्यांची कित्येक दशके वाया घालवली. पत्ता राखणारा मात्र नोंद जपतो, फक्त ती आज चव्हाट्यावर मांडत नाही. सरकारी दफ्तरेही लगेच खुली होत नाहीत. ठराविक वर्षांनी अभिलेखागारात येतात आणि तेव्हा संशोधक त्यांवर इतिहास लिहितात. घरट्याच्या नोंदीलाही तीच रीत लावता येईल.

१७/ म्हणून मित्रहो, वहीत सगळे लिहा. तारीख, झाड, ढोलीची उंची, वेळ, सारे डेव्हिडसनसारखे नेमके आणि खरे. ती नोंद वनविभागाला किंवा अभ्यासकाला द्या. ई-बर्डसारख्या व्यासपीठांवर संवेदनशील जातींचे नेमके ठिकाण झाकण्याची सोय आहे, ती समजून घ्या. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार पक्ष्यांच्या घरट्यांना व अंड्यांना त्रास देणे हे शिकारीच्याच व्याख्येत येते, हेही ध्यानात असू द्या. छायाचित्राखाली 'सातपुडा' एवढाच शब्द पुरतो.

१८/ रोहिणखेडची रणभूमी सर्वांना दाखवावी; तेथे आता कोणाचे काही बिघडत नाही. लढाई होऊन गेली आहे. रानपिंगळ्याची लढाई चालू आहे आणि चालू असलेल्या लढाईत तळ कोठे पडला आहे, हे कोणी दवंडी पिटून सांगत नाही. शंभर वर्षांनी एखादा विद्यार्थी तुमची वही उघडेल, तेव्हा त्याला 'कुठे?' या प्रश्नाचे खरे उत्तर मिळाले पाहिजे. आणि ते ताडून पाहायला तो जंगलात जाईल, तेव्हा ढोलीत पक्षीही असला पाहिजे.

(धागा समाप्त)